शहाळेकाका

आजारी माणसाला बघायला येणाऱ्यांत शहाळेकाका लांबूनच ओळखू येतात. बोटांना काचणारी पिशवी, तिच्यात दोन शहाळी नि डझनभर मोसंबी, आणि चेहऱ्यावर अर्धा इलाज आपणच आणल्याची प्रसन्नता. कॉटवर कोण आहे हे त्यांना ठाऊक असतं, काय झालंय हे नसतं. डेंग्यू, मोडलेला पाय, पित्ताशयाचं ऑपरेशन, किडनी; सगळ्यांना शहाळंच. ते रुग्णाकडे बघून घेतलेलं नसतं, हॉस्पिटलच्या गेटसमोरच्या गाडीकडे बघून घेतलेलं असतं. डेंग्यूच्या दिवसांत त्याच गाडीवर किवी चढते आणि काकांचं वैद्यकही तेवढ्यापुरतं अद्ययावत होतं.

‘नॅचरल आहे हो, अपाय कसला?’ हा त्यांचा बिनतोड मुद्दा. पण अपाय होतो. एका मोठ्या शहाळ्यात केळ्याहूनही जास्त पोटॅशियम असू शकतं. धडधाकट किडनी ते सहज बाहेर टाकते. निकामी होत आलेलीला ते जमत नाही, आणि रक्तात साठलेलं पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवतं. डायलिसिसवरच्या माणसाला तर साधं पाणीसुद्धा बहुतेक वेळा मोजून प्यावं लागतं. मधुमेह्याकडे जाताना काका पेढे टाळतात, एवढं भान त्यांना आहे. मग ते खजूर नेतात, ज्याच्या वजनात निम्म्याहून जास्त साखर असते. नाहीतर ‘शुगर फ्री’ बिस्किटं. त्यातल्या मैद्याचं पोटात गेल्यावर काय होतं, हे पुड्यावर मोठ्या अक्षरांत छापायची पद्धत नाही.

काकांची बाजू घेणारे म्हणतील, भावना बघा, खातंय कोण ते सगळं? खरं आहे. शहाळं मेहुणा पितो आणि मोसंबी पुढच्या आजाऱ्याकडे रवाना होतात. पण रुग्णाला बरं वाटतं ते माणूस आल्यानं. भावनेला पोटॅशियमची जोड कशाला? आता, आधी विचारणं बरं दिसत नाही म्हणावं, तर आहेराच्या साडीचा रंग हेच काका फोन करून विचारतात. तसाच एक फोन रुग्णाजवळ बसणाऱ्याला करावा: डॉक्टरांनी काय बंद केलंय, काय चालतं? आणि खाऊच न्यायचा तर तो त्या बसणाऱ्यासाठी न्यावा. पथ्य रुग्णाला असतं, पण वडापाव नि चहावर दिवस काढत असते स्टुलावरची बायको किंवा मुलगी. तेव्हा काका, पुढच्या खेपेला पोळीभाजीचा डबा न्या. आणि तो परत मागायला निदान आठवडाभर तरी फोन करू नका.