श्री. एलएस यांस, एका स्क्रिप्टकडून

श्री. रा. रा. एलएस यांस,
मु. पो. बिन डिरेक्टरी.

सा. न. वि. वि.

मी रात्री दोनला क्रॉनच्या हाकेसरशी उठणारी एक साधी शेल स्क्रिप्ट. डिरेक्टरीतल्या फाइलींची यादी देण्याची आपली सेवा 1971 सालच्या पहिल्या युनिक्सपासूनची. आपल्यासमोर बोलायची माझी पायरी नव्हे, पण आपल्या चतुराईचं जाहीर कौतुक कुणीतरी करायलाच हवं.

पहिली दाद आपल्या पारखीला. उत्तर देण्याआधी समोर टर्मिनल आहे की पाइप, हे आपण गुपचूप बघून घेता. टर्मिनल असेल तर नावं रकान्यांत, बहुतेक ठिकाणी रंगीतही. पाइप असेल तर ओळीला एक नाव. माझ्यासारखीचीही कुणी दखल घेतं, हे बघून ऊर भरून येतो.

मात्र '-एल' लावलं की माणसाच्या आणि माझ्या पुढ्यात तोच लांबलचक तक्ता येतो. त्यातली तारीख तर खासच. गेल्या सहा महिन्यांतली फाइल असेल तर आपण वेळ लिहिता, त्याहून जुनी असेल तर त्याच जागी साल. माणसाच्या डोळ्यांची केवढी ही काळजी! काल आठव्या रकान्यात मला 14:30 मिळालं, आज 2023. मी मुकाट्याने दोन्हींची वजाबाकी केली.

नवव्या रकान्यात फाइलचं नाव. मोकळ्या जागेवर रकाने तोडणाऱ्या ऑकने 'अंतिम अहवाल नवीन' या नावातलं माझ्या हातात ठेवलं फक्त 'अंतिम'. नेमकी 'अंतिम' नावाची दुसरी फाइल तिथेच होती (आमच्या कचेरीत 'अंतिम' एकच असतं असं समजणाऱ्याने इथे नोकरी करू नये). ती मी पुसली. आणि ओळीला एक नाव, हा तरी भरवसा कुठे? तिरकी रेघ आणि शून्य बाइट सोडून युनिक्सला फाइलच्या नावात काहीही चालतं, नवी ओळसुद्धा.

2016 साली आपल्या ग्नू घराण्याने मोकळी जागा असलेल्या नावांना अवतरणचिन्हं चढवली, तीही फक्त टर्मिनलवर. नाव कुठे संपतं हे ज्यांना दिसत होतं त्यांना कुंपण, आणि जी आंधळी तिला मोकळं रान. त्यावर आरडाओरडा मात्र माणसांनीच केला!

फाइलचा आकार माणसांना वाचायला सोपा करणाऱ्या आपल्या '-एच'बद्दल थोडक्यात. 2.0जी आणि 900के या आकड्यांना सॉर्ट '-एन'ने लावलं तर 900के मोठं ठरतं. बिचाऱ्या सॉर्टला त्यासाठी स्वतःचं वेगळं '-एच' शिकावं लागलं.

इतरांचं बघा. गिट स्टेटसने '--पोर्सिलेन' असा वेगळा पर्याय ठेवलाय आणि तो आवृत्तीगणिक बदलणार नाही असं लेखी दिलंय. एपीटी तर सरळ बजावतो की माझं आउटपुट स्थिर नाही, स्क्रिप्टमध्ये जपून वापरा. असा रोखठोकपणा एखाद्याला उद्धट वाटेल. मला तो आपल्या सौजन्याहून बरा वाटतो. एलएसबीएलकेला जेसन मागितलं की जेसन मिळतं. आपणही 2021 साली '--झीरो' शिकलात: नावांच्या मध्ये शून्य बाइट, ना रंग, ना अवतरणं. वयाच्या पन्नाशीला! अभिनंदन.

माझ्या लेखकाला मी हे सांगून पाहिलं. 'चालतंय ना, मग हात लावू नको,' म्हणाला. तो दोनला झोपलेला असतो.

तरी उद्यापासून मी फाइंडकडे रुजू होत आहे. तो दिसायला रुक्ष आहे, पण 'प्रिंट-शून्य' म्हटलं की समोर कोण आहे ते न बघता तेच देतो. माझी जागा रिकामी समजावी.

आपली नम्र,
एक शेल स्क्रिप्ट

ता. क. उत्तर टर्मिनलवर धाडू नये, मी तिथे नसते. फाइलमध्ये ठेवावं, बिनरंगी. तारीख घातलीत तर सालासकट.