सर्वज्ञ : छावणी उपप्रकार

व्हॉट्सॲपच्या प्रत्येक ग्रुपमध्ये आढळणारा सर्वज्ञ ही अखिल भारतीय जात असली, तरी छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात तिचा जो उपप्रकार वाढला आहे, त्याचा स्वतंत्र अभ्यास होणे आवश्यक आहे. लष्करी शिस्तीच्या शेजारात राहून या गृहस्थाने त्या शिस्तीतील एकच गोष्ट उचललेली असते, ती म्हणजे हुकूम सोडणे. छावणीची नागरी वस्ती महापालिकेत विलीन व्हावी की छावणी परिषदेकडेच राहावी, या प्रश्नावर २००६ चा छावणी कायदा न वाचताच त्याचे मत पक्के असते, आणि ज्याने तो वाचलेला असतो, त्याला तो ‘आधी अभ्यास करून या’ असे सुनावतो.

त्याचा लाडका प्रांत अर्थातच इतिहास. बीबी का मकबरा आझमशहाने आईसाठी बांधला, हे तो पायाभरणीला स्वतः हजर असल्याच्या थाटात सांगतो. परंतु आझमशहाचा जन्म १६५३ चा आणि मकबऱ्याचे काम १६६१ च्या सुमारास पुरे झालेले, म्हणजे बांधकाम संपले तेव्हा बांधणारे आठएक वर्षांचे होते, असे कोणी दाखवून दिले, तर तो सनावळीला हात न लावता दाखवणाऱ्याची लायकी काढतो.

ज्ञान नसताना ते असल्याची खात्री वाटणे, या अवस्थेचा अभ्यास येल विद्यापीठातील रोझेन्ब्लिट आणि कील यांनी २००२ साली प्रसिद्ध केला. झिप किंवा संडासातील फ्लश कसा चालतो, हे आपल्याला ठाऊक आहे असे म्हणणाऱ्यांना त्यांनी ती क्रिया पायरीपायरीने लिहावयास लावली, तेव्हा लिहिणाऱ्यांनी आपल्या समजुतीला आधी दिलेले गुण आपणच कमी केले. छावणीकरांना या प्रयोगासाठी जवळची पाणचक्की पुरेशी आहे. डोंगरातून मातीच्या नळांनी आलेले पाणी एवढे उंच कसे चढते, एवढेच लिहा, अशी विनंती केली की सर्वज्ञाच्या नावाखाली ‘टायपिंग’ हा शब्द बराच वेळ लुकलुकतो, आणि अखेर येतो तो ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ असा शिक्का असलेला व्हिडिओ, तोही बहुधा राजस्थानातील एखाद्या विहिरीचा.

वस्तुतः हा माणूस भांडखोर नाही. गुरुवारच्या आठवडी बाजारात तो कांदेवाल्या मावशींसमोर दोन वाक्यांत हरतो आणि वर कोथिंबिरीच्या चार काड्यांसाठी अजीजी करतो. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवण्याची जी जुनी रीत आहे, तिचे मर्म येथे लक्षात घ्यावयास हवे : कोण किती खाली आला हे बघ्यांना दिसत नाही, म्हणून खाली येणे शक्य होते. ग्रुपवर असा रुमाल नाही. तेथे व्याही, साडू आणि कचेरीतील कनिष्ठ यांच्यादेखत माघार घ्यावी लागते, त्यामुळे चूक जितकी उघडी पडते, तितका सर्वज्ञाचा आवाज चढतो; आणि त्याला एकट्याला वेगळा संदेश पाठवून चूक दाखवण्याचे सौजन्य, खरे तर, समोरच्या पक्षालाही सुचत नाही, कारण बघे त्यालाही हवे असतात.

फक्त ॲडमिनलाच संदेश पाठवता येईल, अशी सोय व्हॉट्सॲपने २०१८ साली दिली. परंतु ती या रोगावर चालत नाही, कारण बहुतेक ग्रुपांचा ॲडमिन तोच असतो. ज्या वाचकाला त्याच्याशी वाद घालावयाचाच असेल, त्याने तो गुरुवारी बाजारात गाठून घालावा. त्या वेळी त्याच्या दोन्ही हातांत पिशव्या असतात.