रविवारचा कष्टकरी

सुट्टीचा अख्खा दिवस घरात बसून अॅनिमे बघणाऱ्या आणि व्हिडिओ गेम खेळणाऱ्या माणसाला आपल्याकडे सरसकट आळशी म्हणतात. असं म्हणणाऱ्यांनी एखाद्या रविवारी त्या माणसाच्या शेजारी बसून तो करतो काय ते बघावं. मी स्वतः त्या सोफ्यावर असतो, त्यामुळे अधिकाराने सांगतो: सोमवार ते शुक्रवार ऑफिसात होत नाही इतकं काम रविवारी तिथे होतं. पगार मिळत नाही, एवढंच. समर्थांनी दासबोधातल्या दुसऱ्या दशकाच्या पहिल्याच समासात मूर्खाची लक्षणं सांगितली आहेत. समास चांगला ऐसपैस आहे, तरीही त्यात गेम खेळणाऱ्याचा उल्लेख नाही. यावरून काय ते समजावं.

माझा दिवस शेतीने सुरू होतो. ‘स्टारड्यू व्हॅली’ या २०१६ साली आलेल्या गेममधला तरुण कंपनीच्या नोकरीला विटलेला असतो. आजोबांनी मरताना हातात दिलेलं पत्र तो उघडतो आणि त्यांच्या शेतावर राहायला जातो. शेताचं रान झालेलं असतं. दगड, ओंडके, तण. गावचा मेयर लुईस हा सज्जन माणूस पार्सनिपचं थोडं बी देतो. मग रोज सकाळी सहाला उठायचं आणि झारीने एकेका रोपाला पाणी घालायचं. ज्या रोपाला पाणी मिळालं नाही, ते त्या दिवशी वाढत नाही. त्यामुळे हयगय करून चालत नाही.

माझ्याही आजोबांचं शेत आहे, खटाव तालुक्यात. सातबाऱ्यावर माझं नाव आहे आणि शेतात बाभळी आहेत. ते बघतात माझे धाकटे चुलते, आप्पा. त्यांचा अधूनमधून फोन येतो. “रविवारी येतोस का रं? हिरीवरची मोटर जळलीया, वायंडिंगला टाकायची हाय.”

“आप्पा, या रविवारी नाही जमणार. पाणी द्यायचंय.”

यावर ते काही बोलत नाहीत. पुतण्या कामात आहे हे त्यांना आवाजावरूनच कळत असावं.

गेममध्ये तिसरं वर्ष लागलं की आजोबांचा आत्मा येतो आणि नातवाने शेत कसं राखलं याचा निकाल देतो. समाधीपाशी मेणबत्त्या पेटतात, जास्तीत जास्त चार. माझ्या चारही पेटल्या. खटावच्या आजोबांकडे इतकी स्वच्छ मूल्यमापनपद्धत नव्हती. ते नुसते बघायचे.

हा सगळा गेम एरिक बॅरोन नावाच्या एका अमेरिकन माणसाने एकट्याने केला. चित्रं त्याची, संगीत त्याचं, कोडही त्याचाच. चार वर्षांहून जास्त काळ तो त्यासाठी राबला. लोकांना खेड्यातला निवांतपणा मिळावा म्हणून एका माणसाने आपला एवढा निवांतपणा सोडला. गेममध्ये रात्रीचे दोन वाजले की नायक असेल तिथे कोसळतो आणि त्याच्या खिशातले थोडे पैसेही जातात. मी मात्र दोननंतरही खेळत राहतो. बॅरोनच्या कष्टांची एवढी तरी जाणीव ठेवायला हवी.

शेतीनंतर कर्ज. ‘अॅनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स’ २० मार्च २०२० ला आला, म्हणजे आपल्याकडच्या जनता कर्फ्यूच्या दोन दिवस आधी. जग दारं लावून घेत असताना निन्टेंडोने माणशी एकेक बेट काढून दिलं. बेटावर पाय ठेवताच टॉम नूक नावाचा सावकार भेटतो. आधी तंबूचे पैसे, मग घरासाठी कर्ज, ते फिटलं की खोली वाढवायला त्याहून मोठं कर्ज. शेवटचं तर बेल्स या तिथल्या चलनात जवळपास पंचवीस लाखांचं असतं. व्याज नाही, हप्त्याची तारीख नाही, जामीनदार नाही. तरीही मी ते मुदत उलटल्यासारखा धावपळ करून फेडतो. मासे धरतो, झाडं हलवतो, दगडांवर फावडी मारतो. रविवारी सकाळी डेझी मे नावाची रानडुकराची पोर सलगम विकायला येते. ते घेऊन ठेवतो आणि आठवडाभर दिवसातून दोनदा बदलणारा भाव बघत बसतो, कारण पुढच्या रविवारपर्यंत विकले नाहीत तर ते नासतात. माझ्या खऱ्या फ्लॅटचा हप्ता बँक पाच तारखेला खात्यातून परस्पर कापून घेते. त्यात मला काही करायलाच उरत नाही, आणि पुरुषार्थ दाखवायला तर मुळीच वाव नाही.

जाता जाता घराण्याबद्दल सांगायला हवं. निन्टेंडो ही १८८९ साली क्योतोमध्ये हानाफुदा नावाचे पत्ते बनवायला निघालेली कंपनी. मे महिन्याच्या दुपारी ओसरीवर मेंढीकोट खेळून ज्यांनी संध्याकाळ केली, त्या वडीलधाऱ्यांनी आमच्या पिढीला नावं ठेवताना हे ध्यानात घ्यावं. आपण एकाच संप्रदायातले आहोत.

दुपारी वाहतूक आणि स्वच्छता. ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ हा प्रागच्या कंपनीचा गेम. त्यात मी प्रागहून व्हिएन्नाला माल पोचवतो. लाल सिग्नलला थांबतो, कारण न थांबल्यास दंड आहे. रस्ता रिकामा असला तरी थांबतो. वळण्यापूर्वी इंडिकेटर देतो. डुलकी येऊ लागली की गाडी बाजूला घेऊन झोपतो. मला नळ स्टॉपच्या चौकात पाहिलेल्या कोणाचाही यावर विश्वास बसत नाही. पण तो चौक आहे आणि हा महामार्ग आहे. युरोपात आपण देशाचे प्रतिनिधी असतो.

‘पॉवरवॉश सिम्युलेटर’बद्दल आईचे आणि माझे मतभेद आहेत. या गेममध्ये जोरदार पाण्याच्या पिचकारीने मळलेल्या गाड्या, अंगणं, घरं धुवायची असतात. दुसरं काही नसतं. मी एकदा एका घसरगुंडीच्या कडेचा चिखल काढत होतो, तेव्हा आईने सिंककडे बोट दाखवलं. सिंकमध्ये कुकर होता, कालच्या खिचडीसकट. मी तिला दोन्हींतला फरक समजावून सांगितला. इथे एखादा भाग पूर्ण स्वच्छ झाला की तो क्षणभर उजळतो आणि टिंग असा आवाज येतो. कुकर घासल्यावर काय होतं? काहीच नाही. तो ओट्यावर पालथा पडून राहतो आणि रात्री पुन्हा खराब होतो. आईने ऐकून घेतलं आणि स्वतः कुकर घासला. टिंग झालं नाही, हे मी नोंदवून ठेवलं.

जेवणाच्या वेळेचा प्रश्न ‘ड्रॅगन बॉल झी’ने कायमचा सोडवला आहे. त्यात दुष्ट फ्रीझा नामेक ग्रहाच्या गाभ्यावर वार करतो आणि सांगतो की पाच मिनिटांत ग्रहाचा स्फोट होईल. त्यानंतर नायक गोकू आणि तो लढतात, थांबतात, एकमेकांकडे रोखून बघतात, मागचं उकरून काढतात, परत लढतात. एकामागून एक भाग संपतात. पाच मिनिटं संपत नाहीत. आई पानं वाढून हाक मारते तेव्हा मीही “पाच मिनिटं” म्हणतो, ती नामेकवरची असतात. दोघांच्या घड्याळांत तफावत आहे. दोष कोणाचाच नाही.

मग पारायण. ‘वन पीस’ जपानी टीव्हीवर २० ऑक्टोबर १९९९ ला सुरू झालं आणि त्याचे अकराशेहून अधिक भाग झाले आहेत. गाण्यांसकट एक भाग चोवीस मिनिटांचा धरा. जेवणखाण आणि झोप सोडून बसलं तर अठरा दिवस आणि अठरा रात्री लागतात. कुरुक्षेत्रावर तेवढ्या वेळात अठरा अक्षौहिणी सैन्याचा निकाल लागला होता. इकडे मालिकेचा नायक लूफी अजून खजिन्याच्या वाटेवर आहे. बऱ्याच भागांच्या सुरुवातीला मागच्या भागात काय झालं ते खुलासेवार सांगतात, कारण मागच्या भागात फारसं काही झालेलं नसतं. गुरुचरित्राचा सप्ताह करणाऱ्यांना निदान मांडी घालून बसण्याचं पुण्य मिळतं. आम्ही पाय लांब करून बसतो, तेवढा आमचा त्याग दुर्लक्षित राहतो.

इतकं करून पदरात काय पडतं, असा एक प्रश्न काही लोक विचारतात. त्यांच्यासाठी ‘झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ आहे. २०१७ च्या या गेममध्ये एवढ्या मोठ्या राज्यात ९०० कोरोक बिया लपवल्या आहेत. दगडाखाली, झाडाच्या शेंड्यावर, डोंगराच्या टोकावर, तळ्याच्या मधोमध. हेस्तू नावाच्या जाडजूड वनदेवाला त्या नेऊन दिल्या की तो तुमची सामानाची पिशवी वाढवून देतो. पिशवी पूर्ण वाढायला ४४१ बिया पुरतात. उरलेल्या ४५९ निव्वळ श्रद्धेने शोधायच्या. नऊशेवी बी दिली की हेस्तू बक्षीस देतो: सोनेरी रंगाची, वेटोळी, वर निमुळती होत गेलेली एक वस्तू. आकारावरून ती काय असावी याबद्दल शंका राहत नाही. तरीही कोणी शंका घेईल म्हणून वर्णनात वास येतो असंही लिहिलं आहे. फळाची आशा न धरता कर्म करावं हे गीतेत सांगितलंच आहे. इथे फळ प्रत्यक्ष हातात ठेवून ते पटवून दिलं आहे.

याहून विरक्त साधकांसाठी ‘डेझर्ट बस’ आहे. पेन आणि टेलर या अमेरिकन जादूगारांच्या जोडीसाठी १९९५ साली तयार झालेल्या आणि तेव्हा बाजारात कधी न आलेल्या संग्रहातला हा गेम. टूसानहून लास व्हेगासला रिकामी बस न्यायची. वाळवंट, सरळ रस्ता, वेग ताशी ४५ मैलांच्या वर जात नाही, प्रवास खरोखर आठ तासांचा. मध्ये थांबवता येत नाही. बस सतत उजवीकडे ओढते, त्यामुळे हात सोडून झोपताही येत नाही. पोचलात की एक गुण, आणि मग परतीचा प्रवास. आमच्या एसटीत निदान सुट्ट्या पैशांवरून चार शब्द होतात आणि वेळ जातो. इथे तसलं कोणतंही प्रलोभन नाही.

पण या सगळ्या साधनेचा कळस पाहायचा असेल तर ‘हारुही सुझुमिया’ या मालिकेतला ‘एंडलेस एट’ पाहावा. २००९ च्या उन्हाळ्यात क्योतो अॅनिमेशनने ओळीने आठ आठवडे जवळजवळ एकच गोष्ट दाखवली. शाळेच्या सुट्टीचे शेवटचे दिवस, १७ ते ३१ ऑगस्ट. मुलं पोहायला जातात, बॉनच्या जत्रेत फिरतात, झाडांवरचे सिकाडा पकडतात, बेडकाचा वेश घालून काम करतात, फटाके उडवतात. ३१ तारखेची रात्र सरते आणि पुन्हा १७ तारीख उजाडते. सुट्टीत काहीतरी करायचं राहून गेलं असं हारुहीला वाटत असतं आणि तिच्याही नकळत काळ मागे फिरतो. १५,५३२ वेळा. हिशेब केला तर सहाशे वर्षांच्या आसपास. आणि स्टुडिओने एकच चित्रीकरण आठदा चालवलेलं नाही. प्रत्येक भाग नव्याने काढला, आवाज नव्याने घेतले. मुलींचे कपडे वेगळे, कॅमेऱ्याचे कोन वेगळे, गोष्ट तीच. पुष्कळ प्रेक्षक संतापले. दर आठवड्याला पुढे काय होणार म्हणून ते टीव्ही लावत होते आणि काहीच होत नव्हतं. सुट्टीचं इतकं प्रामाणिक चित्रण मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

या कलाकृतीत मला एकच खोट दिसते, ती म्हणजे आठवा भाग. त्यात त्या मुलांपैकी क्योनला आयत्या वेळी आठवतं की आपला सुट्टीतला गृहपाठ राहिलाय. तो सगळ्यांना आपल्या घरी बोलावतो, सगळे मिळून वह्या पुऱ्या करतात, आणि एक सप्टेंबर येऊन ठेपतो. सात भाग जिद्दीने सांभाळलेलं सूत्र लेखकाने गृहपाठासारख्या किरकोळ गोष्टीपायी सोडून दिलं. जाणकाराने सातव्या भागाशी थांबावं. मी थांबतो, आणि पहिला लावतो.