चार टायरचं जुनं घर

पुण्याच्या भाच्याला जुनी कॅरॅव्हॅन घ्यायची आहे. "मामा, कॅरॅव्हॅन म्हणजे चाकावरचं घर. आतच स्वयंपाक, आतच झोप, वाटेल तिथं मुक्काम," असं तो फोनवर समजावून सांगत होता आणि मी बीडमध्ये बसून हूं हूं करत होतो. या जिल्ह्यातली लाखो माणसं दसरा-दिवाळीच्या सुमाराला चूल, पेटी, पोरं, शेळी आणि पाटीखाली कोंडलेल्या कोंबड्या ट्रॉलीत भरून कोल्हापूर-सांगलीकडं, पार कर्नाटकात बेळगावपर्यंत ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात माघारी येतात. इथल्या माणसाला चाकावरचं घर समजावून सांगायला छाती लागते. भाच्याला ती आहे.

राज्य सरकारनं 2021 साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. आमच्याकडं धोरण नव्हतं; दुष्काळ होता, त्यानं काम भागवलं. रेल्वे म्हणाल तर बीड शहरात ती यायला 2025 चा सप्टेंबर उजाडला. तोवर सगळी भिस्त ट्रॅक्टरवर आणि त्याच्यामागच्या दोन ट्रॉल्यांवर. जाताना त्यांत कोयते बसतात, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या आणि त्यांचे संसार. तिकडं पोचलं की त्याच ट्रॉल्यांत पंधरा-वीस टन ऊस चढतो.

तेव्हा जुनी कॅरॅव्हॅन कशी बघावी ते कंपनीवाल्यांना विचारा. जुनी ट्रॉली कशी बघावी ते मी सांगतो. मी निवृत्त मास्तर. गावात कुणी जुनी ट्रॉली बघायला निघालं की मला मोटारसायकलवर मागं बसवून नेतात, ते कागद वाचायला. लोखंड त्यांना माझ्यापेक्षा चांगलं वाचता येतं.

पहिली गोष्ट रंग. पोळा झाला की जिल्ह्यातल्या वेल्डिंगच्या दुकानांसमोर रंगाचे डबे उघडतात. बैलांची शिंगं रंगवून उरलेला रंग ट्रॉल्यांना लावतात की काय, अशी शंका यावी इतकं ते वेळेत जुळतं. नवा रंग, त्यावर फुलं, मागच्या फाळक्यावर दोन देव, एक संत आणि आई-वडिलांचा आशीर्वाद. फाळक्यावर जितकी पुण्याई जास्त, तितका खाली गंज जास्त, हा माझा अनुभव. आमच्या चुलतभावाच्या खिशात जुन्या स्पीकरमधून काढलेलं चुंबक असतं. बोलता बोलता तो ते फाळक्यावर फिरवतो. जिथं चिकटत नाही तिथं पत्रा संपला आणि लांबी सुरू झाली असं समजायचं. विकणाऱ्यालाही हे चुंबक ठाऊक असतं, त्यामुळं तो नेमका त्याच जागेवर पाठ टेकून उभा राहतो.

मग इतिहास. "एकच पट्टा वढलाय हिनं, सर. बाकी मपल्या घरचं शेणखत." पट्टा म्हणजे कारखान्याचा एक हंगाम, आणि विकायला काढलेली प्रत्येक ट्रॉली एकच पट्टा ओढलेली असते. मग कारखान्यांच्या गव्हाणीपुढं रात्र-रात्र रांगेत उभ्या असतात त्या कुणाच्या, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. पण ट्रॉली स्वतः खोटं बोलत नाही. कोपऱ्यातल्या सांध्यात नखानं उकरावं. तांबडी भुकटी निघाली तर वीटभट्टी. काळा, ओलसर, पापुद्र्यासारखा गंज निघाला तर शेणखत, आणि ते घरचंच असेल असं नाही. बाजूच्या पत्र्याला ओळीनं भोकं पाडून बुजवलेली दिसली तर तिच्यावर डीजे बसत होता. तिचे सगळे नट एकदा आवळून घ्यावेत, कारण ती बरीच वर्षं नाचलेली असते. सगळ्यांत निर्धास्त घ्यावी ती सभेला माणसं नेणारी ट्रॉली. तिला काम निवडणुकीपुरतं आणि वजन जातानाच, येताना निम्मी माणसं दुसऱ्याच पक्षाच्या गाडीत बसून येतात.

बूड घासून चकचकीत आणि पातळ झालं असेल तर वाळू. त्यात ट्रॉली गोदाकाठच्या एखाद्या गावची असेल तर पत्र्यापेक्षा तहसील कार्यालयाची चौकशी जास्त करावी. तिथल्या आवारात जप्तीच्या ट्रॉल्या उभ्या असतात. त्यांतली काही दंड भरून सुटतात, काहींच्या अंगावर बाभळी उगवतात. सुटून आलेल्या ट्रॉलीच्या दंडाची पावती बघितल्याशिवाय चहासुद्धा घेऊ नये. एकदा चहा घेतला की आपल्या लोकांना नाही म्हणता येत नाही.

लोखंडाचं थोडक्यात सांगतो. जॅक लावून एकेक चाक वर घ्यायचं, वरून-खालून दोन्ही हातांनी धरून हलवायचं. डुललं तर बेअरिंग गेलं. मग चाक फिरवून कान लावायचा. टायर रिमोल्ड असतात, ते गृहीतच धरायचं. पण एकाच टायरची एकच कड झिजलेली असेल तर धुरा वाकलाय, तिथं भाव करत बसू नये. हुकाच्या कडीत बोट घालून बघायचं. भोक गोल राहिलं नसेल, लांबट झालं असेल, तर ही कडी धारूरच्या घाटात पिनेला धक्के देणार. आणि एक सुतळी न्यावी. चेसीच्या पुढच्या डाव्या कोपऱ्यापासून मागच्या उजव्यापर्यंत ती ताणायची, तेवढ्यावर गाठ मारायची, मग पुढच्या उजव्यापासून मागच्या डाव्यापर्यंत धरायची. गाठ जागेवर आली नाही तर ट्रॉली कधीतरी पलटी झालेली आहे. सुतळी खिशातून बाहेर आली की विकणाऱ्याला एकदम आठवतं, "हां, तशी एकदा जराशी कलंडली व्हती."

एवढं सगळं झालं की आमच्या वस्तीवरची आजी पुढं येते. तिला कुणी बोलावत नाही. ट्रॉली गावात बघायला आली असेल तर ती येतेच. तिचं उभं आयुष्य ऊसतोडीत गेलं, हिवाळे ट्रॉलीत आणि पाचटाच्या कोपीत निघाले. ती बेअरिंग बघत नाही, टायर बघत नाही. काठी पोराच्या हातात देते, चाकावर पाय ठेवून वर चढते आणि मधोमध मांडी घालून बसते. मग तळव्यानं बूड चाचपत सरकत जाते. बूड आणि बाजूचा पत्रा जुळतो तिथं दोन बोटं घालते. "हितं लेकराचा पाय जातोय." पुढं सरकून पुढच्या पत्र्याला पाठ लावते, डोक्यावर हात धरून उंची मोजते, ट्रॅक्टरचा धूर आणि पहाटेचं वारं तोंडावर येणार की डोक्यावरून जाणार, याचा तो हिशेब. ताडपत्री बांधायचे आकडे मोजते. शेवटी फाळक्याची कडी आतून उघडते का ते बघते. बहुतेक ट्रॉल्यांची उघडत नाही, कारण आतून उघडायची गरज उसाला पडत नाही.

एकदा एक विकणारा कावला. "आजे, ऊस वाहायची ट्रॉली हाय. लेकरं कामून बघायलीस?"

"ऊस काय रातच्याला रडत नसतोय," आजी म्हणाली आणि खाली उतरली. सौदा तिथंच मोडला. विकणाऱ्यानं आठवडाभरात ती फट वेल्डिंग करून घेतली आणि दुसऱ्या गावात ट्रॉली विकली. चला, कुणाचा तरी पाय वाचला.

पोरं मागं राहावीत, शाळा सुटू नये, म्हणून इकडं हंगामी वसतिगृहं असतात. मास्तर असताना मीही त्यांची हजेरी घेतली आहे. पण अंगावरचं पोर वसतिगृहात राहत नाही, ते आईबरोबर ट्रॉलीतच जातं. म्हणून आजीची तपासणी मी आता सगळ्यांत वर धरतो. पुण्याची कॅरॅव्हॅनसुद्धा तिला एकदा दाखवावी असं मला मनापासून वाटतं. फ्रीज आणि गॅस तिला आवडतील. कडीचं मात्र ती विचारणारच.

राहिले कागद, म्हणजे माझं काम. ट्रॅक्टरचा नंबर वेगळा, ट्रॉलीचा वेगळा, हे पुष्कळांना ट्रॉली विकत घेतल्यावर कळतं. आरसीवर एमएच 23 असेल तर बीड, एमएच 44 असेल तर अंबाजोगाई. दुसरंच काही असेल तर ती इथपर्यंत कशी आली ते विचारावं. चेसीवर ठोकलेला नंबर रॉकेलच्या फडक्यानं पुसून आरसीशी जुळवावा, अंकनअंक. आरसीवर बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा असेल तर त्यांचं पत्र आणि 35 नंबरचा फॉर्म आधी, पैसे नंतर. नाव बदलायला 29 आणि 30 नंबरचे फॉर्म लागतात. "सह्या करून ठेवल्यात, सर, तुम्ही फकस्त तारीख टाका" असं कुणी म्हणालं की मी चष्मा काढून पुसायला घेतो. तेवढ्या वेळात घेणाऱ्यानं काय समजायचं ते समजावं.

कोऱ्या कागदावरच्या सह्यांपेक्षा अवघड बोजा कागदावर नसलेला. बँकेचं कर्ज आरसीवर दिसतं, हंगामाआधी आगाऊ घेतलेली उचल दिसत नाही. विकणाऱ्यानं याच ट्रॉलीच्या भरवशावर पुढच्या हंगामाचा करार एखाद्या कारखान्याशी आधीच केलेला असतो, किंवा मुकादमाचे पैसे अंगावर असतात आणि ट्रॉली तोंडी गहाण असते. तुम्ही ती घरी आणता, नारळ फोडता, आणि तिसऱ्या दिवशी जीपमधून चारजण उतरून चाकांची चौकशी करतात. यावर परिवहन कार्यालयाकडं इलाज नाही. इलाज आहे तो फाट्यावरच्या हॉटेलात. विकणाऱ्याच्या गावच्या अलीकडं थांबावं, भजी मागवावीत आणि सहज विचारल्यासारखं विचारावं, "अमक्याची ट्रॉली हाय म्हणं विकायला?" हॉटेलवाला हसला की तसंच माघारी फिरावं. भजी तेवढी खाऊन घ्यावीत.

मागं रिफ्लेक्टर नसतील तर ते मात्र भाव ठरायच्या आधी मागून घ्या. ते थोडक्या पैशांत येतात, तरी हजारो रुपयांची रंगरंगोटी करणाऱ्याला तेवढे सुचत नाहीत. रात्रीच्या अंधारात मागची ट्रॉली पाठीमागून येणाऱ्याला दिसली पाहिजे. तिच्यावरची फुलं आणि देव दिसले नाहीत तरी चालतील.

आणि घ्यायचीच असेल तर दसऱ्याच्या तोंडावर घेऊ नका. तेव्हा प्रत्येकाला निघायची घाई असते आणि भाव विकणारा सांगेल तो. गुढीपाडव्यानंतर, कारखान्याचा पट्टा पडला की ट्रॉल्या माघारी येतात, पुष्कळांचा उचलीचा हिशेब फिटलेला नसतो आणि रंगाला पैसे नसतात. त्या दिवसांत ट्रॉली स्वस्त मिळते आणि गंज जिथल्या तिथं दिसतो.