स्टेपनीचा जाणकार

स्टेपनीचा जाणकार बुलढाणा जिल्ह्यात बारमाही आढळतो. चाक पंक्चर होऊन मोटार कडेला लागली की पाच-दहा मिनिटांत तो तिथे हजर असतो. जवळपास वस्ती असलीच पाहिजे असे नाही. बोथा घाटात, ज्ञानगंगा अभयारण्यात, जिथे माणसापेक्षा अस्वल भेटण्याचा संभव अधिक, तिथेही तो दुचाकी थांबवून उतरतो. राजूर घाटाची वळणे, नांदुऱ्याच्या उंच हनुमानाजवळचा महामार्ग आणि चिखली–मेहकर रस्ता हा त्याचा नेहमीचा वावर. समृद्धी महामार्ग मेहकर, सिंदखेड राजाकडून जातो. पण त्याला दोन्ही बाजूंनी कुंपण आहे आणि दुचाकीला तिथे मज्जाव आहे. त्यामुळे तिथे पंक्चर झालेल्या माणसाला स्वतःच्या अकलेने काम भागवावे लागते.

वय साधारण पन्नासच्या पुढे. पूर्वी जीप किंवा काळीपिवळी चालवलेली, निदान ट्रॅक्टर तरी. ट्रॅक्टरचे मागचे चाक एकट्याने बदलल्याची हकिकत त्याच्याकडे तयार असते. हात पाठीमागे बांधलेले असतात आणि काम संपेपर्यंत ते तिथेच राहतात. पान्याला तो हात लावत नाही.

कामाला सुरुवात होते ती इशाऱ्यापासून. गाडीबरोबर आलेला लाल त्रिकोण मागे काही अंतरावर उभा करायचा असतो. तो डिक्कीत प्लास्टिकच्या पिशवीतच राहतो. जाणकार बाभळीची फांदी आणि चार दगड मांडून घेतो. गाडी निघून जाते, दगड रस्त्यावर राहतात, आणि पुढच्या पंक्चरची सोय होते.

मग डिक्की रिकामी होते. शेगावहून आणलेला प्रसाद, बॅगा, चटई, पाण्याची कॅन असे सगळे रस्त्याकडेला मांडले जाते आणि तळाचे झाकण उचलल्यावर बारके चाक दिसते. जाणकाराच्या आयुष्यातला हा मोठा क्षण. “हे तं लुनाचं चाक व्हय! शोरूमवाल्यानं फसवलं तुमाले, भाऊ.” गाडीमालकाने हे चाक तोवर पाहिलेलेच नसते, म्हणून त्याला ते लगेच पटते.

वस्तुतः फसवणूक नसते. गाडीचे नेहमीचे टायर दोनशे मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून रुंद असते. हे तात्पुरते चाक बहुधा १२५ ते १३५ मिलिमीटरचे. टायरच्या मापाआधी ‘टी’ हे अक्षर असते. वजन कमी, जागा कमी, किंमतही कमी, आणि वाचलेली जागा सामानाला. एवढ्या अरुंद टायरने गाडीचा भार पेलायचा तर हवा जास्त लागते: साधारण ६० पाऊंड, म्हणजे नेहमीच्या जवळजवळ दुप्पट. दोन-तीन वर्षांत ती कुणी तपासलेली नसते. जाणकार टायरला बुटाने ठोकर मारतो आणि “टाइट आहे” असा निर्वाळा देतो.

नटांच्या बाबतीत मात्र त्याचे ऐकावे. हँडब्रेक ओढून, पहिला गिअर टाकून, दुसऱ्या चाकाखाली दगड लावून, चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करायचे, हे तो बरोबर सांगतो. गाडी उचलल्यावर जोर लावला तर ती जॅकवरून घसरते. शहरातल्या नव्या चालकाला एवढेही माहीत नसते.

जॅकपाशी त्याचे ज्ञान पुन्हा जीपच्या काळात जाते. “एक्सलले लाव, एक्सलले!” जीपला ते ठीक होते. आजच्या मोटारीला दाराखालच्या पत्र्याच्या कडेला खाचा असतात आणि जॅक तिथेच बसवायचा असतो. भलतीकडे लावला तर पत्रा दबतो. हे पुस्तिकेत चित्रासह दिलेले असते. पुस्तिका घरी कपाटात असते.

खरा वाद पुढचे चाक पंक्चर झाल्यावर होतो. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांना इंजिनाची ओढ पुढच्या चाकांना असते. सुकाणू पुढे आणि ब्रेकचा मोठा भारही पुढेच. म्हणून कित्येक उत्पादकांचा सल्ला असा की मागचे चांगले चाक काढून पुढे लावावे आणि बारके चाक मागे बसवावे. म्हणजे जॅक दोनदा. पंक्चर पुढे आणि बारके चाक मागे, हे जाणकाराला मान्य होणे अशक्य. “पुढचं फुटलं तं मागचं कायले खोलता?” या प्रश्नाला उन्हात घामाघूम झालेल्या मालकाकडे उत्तर नसते, आणि बारके चाक पुढेच लागते. गाडी एका बाजूला ओढू लागते, फलकावर ब्रेकचा पिवळा दिवा लागतो. जाणकार सांगतो, वायर हलली असंन.

नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळायचे, गाडी खाली आल्यावर पुन्हा एकदा, आणि काही अंतर गेल्यावर आणखी एकदा. यातले शेवटचे कुणी करत नाही.

आता पंक्चर झालेले चाक उरते. बारक्या चाकाच्या खळग्यात ते मावत नाही. उभे केले तर डिक्की लागत नाही. प्रसाद, बॅगा आणि चटईने आधीच हक्क सांगितलेला असतो. अखेर चाक मागच्या सीटवर, आजींच्या शेजारी बसते. आजी लुगडे सावरून काचेकडे सरकतात. ही सोय जाणकारानेच सुचवलेली असते.

बारक्या चाकावर पिवळ्या रंगात ताशी ८० किलोमीटरची मर्यादा छापलेली असते. “मुंबईले जाऊन या, काई होत नाई,” असे जाणकार म्हणतो. हे चाक पंक्चरच्या दुकानापर्यंत जाण्यासाठी असते. रबर पातळ, पकड कमी आणि ब्रेक लागायला अंतर जास्त. घाटउतारावर ८० देखील फार झाले.

जुलै २०२० मध्ये केंद्राने मोटार वाहन नियम बदलले. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असेल तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला स्टेपनी बंधनकारक राहिली नाही. त्यामुळे काही नव्या गाड्यांच्या डिक्कीत चाकाऐवजी चिकट द्रवाची बाटली आणि हवेचा छोटा पंप सापडतो. खिळ्याचे भोक त्याने बुजते. खड्ड्याच्या कडेने टायरची बाजू चिरली तर बुजत नाही. अशा वेळी जाणकार ट्रॅक्टर बोलावतो. टोचनाचा हूक आजच्या बऱ्याच गाड्यांत सुटा असतो; हत्यारांच्या पिशवीतून काढून, बंपरवरचे छोटे झाकण उघडून तो आत फिरवून बसवायचा. मालकाला तो सापडेपर्यंत जाणकाराच्या सांगण्यावरून दोर बंपरलाच बांधून झालेला असतो.