भिंत गुण्यात नाही

माझ्या नकाशातलं आमचं घर खऱ्या घरापेक्षा साडेपाच फुटांनी रुंद आहे. चूक घराची, असं मी साधारण आठवडाभर धरून चाललो होतो.

नकाशा मीच काढला होता. आलेखाच्या कागदावर, दोन रंगांच्या शाईत, कोपऱ्यात उत्तरेचा बाण वगैरे. बाण फार देखणा आला होता. तो मी चार वेळा काढला. 31 वर्षं बँकेत घरदुरुस्तीच्या कर्जाच्या फायली हाताखालून गेल्यामुळे घरातलं आपल्याला सगळं कळतं, पदवी तेवढी घ्यायची राहून गेली, अशी माझी समजूत. तर या नकाशात भिंती मी एकेका रेघेने दाखवल्या होत्या. सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घराची भिंत बावीस इंचांची आहे. घराच्या रुंदीत अशा तीन भिंती येतात. बावीस त्रिक सहासष्ट. म्हणजे साडेपाच फूट. आणि नेमक्या त्या साडेपाच फुटांत मी माझा वाचनकोपरा बसवला होता.

"बरंय की," बायको म्हणाली. "भिंतीच्या आत शांतता चांगली मिळेल."

ती गणिताची शिक्षिका होती, हे इथे सांगायला हवं. नकाशा तिला आधी का दाखवला नाहीस, असं आईने विचारलं. मी त्या वेळी पेन्सिलीला टोक करत होतो.

मग मिस्त्री आले. त्यांनी माझा नकाशा दोन्ही हातांनी अदबीने घेतला, उलटा धरून पाहिला, आणि त्यावर भडंगाची वाटी ठेवली. खिशातून ओळंबा काढून भिंतीला लावला, कोपऱ्यात गुण्या टेकवला, आणि डॉक्टरांनी एक्सरे उजेडात धरून पाहावा तसं बराच वेळ पाहिलं.

"साहेब, भित गुण्यात न्हाई."

"किती नाही?"

"ह्या अंगाला खोली अकरा फूट दोन इंच. त्या अंगाला धा फूट नऊ. वर चार-सहा सूत इकडं तिकडं."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मी आयुष्यभर मिलिमीटरवाल्या शाळेत शिकलो, पण लाकूडकामात देशाचं मेट्रिकीकरण दारापर्यंतच पोचलंय. आमच्या दारांपर्यंत तर तेही नाही.

"मग आता?"

"आता काय? म्हातारी भित हाय. तिला सरळ उभं ऱ्हा म्हणून कोण सांगायचं?"

मॉड्युलर किचन ज्या बॉक्सांचं असतं ते बॉक्स काटकोनाचे असतात, एवढं मला ठाऊक होतं. भिंती काटकोनात असाव्या लागतात, हे त्यांच्या कुठल्याच माहितीपत्रकात मी वाचलं नव्हतं. बॉक्सांची रांग एका टोकाला भिंतीला चिकटली तर दुसऱ्या टोकाला मागे पाच इंचांची फट. त्या फटीत काय जाईल, यावर घरात चर्चा झाली. आईच्या मते झुरळं. माझ्या मते फिलरची पट्टी. दोघांचंही बरोबर होतं.

त्यानंतर पुण्याहून एक डिझायनर मुलगी आली. गोड होती, हुशार होती. तिने टॅबवर आमचं माजघर थ्रीडीत फिरवून दाखवलं. पांढऱ्या ओट्याशी एक सडपातळ बाई कॉफीचा मग धरून उभी होती. त्या घरात पापडांचे डबे नव्हते, दळणाची पिशवी नव्हती, गॅसचं दुसरं सिलिंडर नव्हतं. मला ते घर अतोनात आवडलं. त्या बाईच्या जागी मी स्वतःला उभं करून पाहिलं, पोट आत घेऊन.

आईने टॅब जवळ घेतला. "कालनिर्णयाला खिळा कुठाय यात?"

"आजी, कॅलेंडर मोबाइलमध्ये असतं ना."

"असू दे गं. दुधाचे खाडे कुठे लिहायचे?"

आणि मग पुढचा प्रश्न, जो सांगलीबाहेरच्या कुठल्याही डिझायनरला अभ्यासक्रमात नसतो. "पाणी आलं तर हे सगळं कुठं उचलून ठेवायचं?"

"वॉटरप्रूफ प्लाय आहे, आजी."

"प्लाय असेल. साखर नसते."

सांगलीकराला पुराचं गणित शिकवावं लागत नाही. आयर्विन पुलाशी 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, आणि प्रत्येक घराचं एक खाजगी कोष्टक: पुलाला इतके फूट झाले की आमच्या दुसऱ्या पायरीला, तितके झाले की देवघरात. 2005 ला माजघरात गुडघाभर पाणी होतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये छातीएवढं.

2005 नंतर मी न्हाणीघराकडची भिंत सिमेंटने गिलावा करून 'पक्की' करून घेतली होती. सल्ला माझाच. गवंडी म्हणत होता, जुना चुना आहे, चुन्यावर चुनाच लावू. त्याला मी चहा पाजून रसायनशास्त्र सांगितलं होतं: विरलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि हळूहळू पुन्हा चुनखडीच होतो, त्यामुळे बाबा रे, शेवटी दगड तो दगडच. तो म्हणाला, "आमचा बा म्हणायचा, चुन्याला वारा लागतो." मला ते अडाणीपणाचं वाटलं. 2019 चं पाणी ओसरल्यावर चुन्याच्या भिंती पुढच्या उन्हाळ्यापर्यंत वाळून खडखडीत झाल्या. माझी पक्की भिंत अजून पोपडे टाकते. आतली ओल सिमेंटमधून बाहेर येत नाही. येते तेव्हा रंग घेऊनच येते. त्या गवंड्याच्या बापाची आठवण मला दर पावसाळ्यात होते.

असो. मुलगी जाताना म्हणाली, "आणि काका, हे भिंतीवरचे हुक्स काढून टाकू. एकदम क्लटर-फ्री दिसेल."

हुक्स! इथे मला थांबलंच पाहिजे. घाईत असलेल्या वाचकाने हे दोन-तीन परिच्छेद सोडून थेट आईपाशी गेलं तरी चालेल.

खुंटी म्हणजे हूक नव्हे. हूक भिंतीला मागाहून लावतात. खुंटी भिंतीबरोबर जन्माला येते. कातीव सागवान, डोकं गोल, मान बारीक, आणि वीतभर शेपूट भिंतीत चिणलेलं. भिंत रचतानाच ती आत घालायची. म्हणून ती उपटून निघत नाही, भिंत निघते. आमच्या घरात अशा तेवीस आहेत. मी मोजल्या, कारण नकाशात त्या दाखवायच्या राहिल्या होत्या.

आणि प्रत्येकीला हुद्दा होता. ओटीवरची पहिली आजोबांच्या कोटाची. आजोबा गेल्यावरही पाच-सहा वर्षं तिच्यावर कुणी काही अडकवलं नाही. पुढे एका जावयाने नकळत टोपी अडकवली आणि घरात सत्तांतर झालं. दुसरी छत्र्यांची. तिसरी पाहुण्यांची, म्हणजे रिकामी ठेवायची, तिच्यावर पिशवी दिसली की आजी विचारायची, "कोण आलंय?" देवघरापाशीची सोवळ्याच्या कदाची, तिला पोरांनी हात लावायचा नाही. म्हणून आम्ही तिलाच लावायचो. कपाटाचं तसं नसतं. कपाट बंद केलं की घरात कोण आहे नि कोण नाही, काही कळत नाही. खुंट्यांकडे एक नजर टाकली की हजेरी व्हायची. वडिलांची पिशवी खुंटीवर असली म्हणजे वडील घरात, आणि आपण अभ्यासात.

शेजारच्या मिरजेत खुंटीचा अर्थ वेगळा. तिथले कारागीर भोपळ्याचा तंबोरा करतात, 2024 मध्ये त्याला नि सतारीला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्यांची खुंटी पिळायची असते, सूर लागेपर्यंत. आमची नुसती सोसायची. लहानपणी मी दोन्ही एकच समजून ओटीवरची एक खुंटी पिळून पाहिली होती. सूर लागला, पण तो माझा.

आता हे सगळं मी त्या मुलीला सांगितलं का? सांगितलं. तिची पुण्याची बस चुकली.

पुढे मी खुंट्यांचा कैवारी झालो. त्यांना पॉलिश करायचं, वरून पिवळा दिवा सोडायचा, खाली काही अडकवू द्यायचं नाही. 'हेरिटेज वॉल'. हा शब्द मी भावांच्या ग्रुपवर टाकला. घर चौघांच्या नावावर आहे, राहतो आम्ही. न्यू जर्सीहून बदाम आले. बंगळुरूच्या भावाने लिहिलं, घराचा आत्मा जपायला हवा. झोपाळा मात्र हलवू नकोस हं, असं तिसऱ्याने. खर्चाचा अंदाज टाकला तेव्हा ग्रुपवर त्या रात्री कुणीच जागं नव्हतं. 2019 ला माजघरातला गाळ आम्ही दोघांनी आणि शेजारच्या पोरांनी फावड्याने काढला, तेव्हा हा आत्मा कुठे होता कोण जाणे. चिखलाला वास असतो, तो फोटोत येत नाही. मला हे ग्रुपवर लिहायचं होतं. टाइपही केलं होतं. मग पुसून नमस्काराचे हात टाकले, कारण मी समंजस आहे अशी घराण्यात ख्याती आहे आणि ती मीच पसरवलेली आहे.

तर, चौदा महिने, नऊ नकाशे, फोनमध्ये 640 फोटो.

त्यानंतर एका रात्री लाइट गेली होती. मी पाणी प्यायला उठलो आणि मागच्या बोळात सावकाश पावलांचा आवाज आला. आई. ती 81 वर्षांची आहे, आणि न्हाणीघर आजही मागे, तीन पायऱ्या उतरून. बोळात भिंतीला खालच्या बाजूला, कमरेच्या जरा वर, पाच खुंट्यांची एक रांग आहे. आम्हा चुलत-सख्ख्या पाच भावंडांची दप्तरं अडकवायची. ती मी मोजली होती, तेविसांत धरली होती, हेरिटेज वॉलमध्ये मात्र घेतली नव्हती, कारण तिकडे प्रकाश नीट पडत नाही.

आई त्या खुंट्या धरून चालली होती. एक सोडायची, दुसरी धरायची. तिसरीनंतर ती थांबली. चौथी खुंटी नाही; फ्रिजची वायर नेताना मी ती करवतीने भिंतीलगत कापून घेतली होती, 1991 ला. म्हणजे तेविसांत ती कापलेल्या बुंध्यासकट आहे. आईने हात पुढे केला, हवेत थोडा फिरवला, तळवा भिंतीला टेकला आणि मग पाचवी धरली. सरावाने. कितीतरी वर्षांच्या.

मी टॉर्च लावला नाही. का, ते मला नीट सांगता येत नाही.

माझ्या नऊ नकाशांत खिडकीतलं बसायचं आसन होतं, पुस्तकांना तिरपा प्रकाश होता, चहाच्या कपाला वेगळी फळी होती. न्हाणीघर प्रत्येक नकाशात एक कोरा चौकोन होता. आत मी इंग्रजीत 'टी' लिहिला होता, सुबक अक्षरात.

सकाळी बायकोला सांगितलं. तिने दहावा नकाशा काढला, पोळ्यांच्या हिशेबाच्या वहीत, मागच्या पानावर, पाच मिनिटांत. भिंती जाड काढल्या. न्हाणीघर आईच्या खोलीलगत, कमोड, दोन्ही बाजूंना स्टीलच्या दांड्या, तीन पायऱ्यांच्या जागी उतार, पाय घसरणार नाही अशी खडबडीत शहाबादी, आणि बोळात इन्व्हर्टरवरचा दिवा. उत्तरेचा बाण नव्हता. मिस्त्रींनी तो कागद सरळ धरून वाचला आणि घडी करून खिशात घातला.

काम दिवाळीनंतर सुरू होईल. तोवर मिरजेहून एक खुंटी कातून आणली, जुन्या सागाची. बुंधा कोरून काढून, चुन्यात बसवली. कातायचे आणि बसवायचे मिळून साडेसहाशे रुपये झाले. भिंत गुण्यात नसल्यामुळे ती दोन सूत तिरकी आहे.

आईने धरून पाहिली. म्हणाली, दोन बोटं खाली हवी होती.