टॉवेल पुन्हा वापरा

'पृथ्वी वाचवा, टॉवेल पुन्हा वापरा' अशी हिरवी चिठ्ठी हल्ली आपल्या वसई-अर्नाळ्याच्या रिसॉर्टांतही न्हाणीघरात भेटते. मराठी माणसाला हे सांगणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं. आपला पंचा आधी अंग पुसतो, मग ओटा, मग फरशी, आणि शेवटी स्कूटर पुसता पुसता त्याला मोक्ष मिळतो.

गंमत अशी की ही चिठ्ठी वाचत असताना खिडकीबाहेर रेन डान्स चालू असतो. मे महिन्याचं रणरणतं ऊन, आणि पाइपातून धो धो पाऊस. महिनाभर दम धरला तर वरचा पाऊस तोच कार्यक्रम फुकटात करतो. नालासोपाऱ्यात तर गुडघाभर पाण्याचा तरणतलाव थेट दारात येतो.

रिसॉर्टवाल्याला एकट्याला कशाला बोल लावा? घरी 'एका बादलीत आंघोळ आटपा' म्हणून पोरांमागे लागणारा गृहस्थ अर्नाळ्याला येऊन पॅकेजचे पैसे मोजतो आणि त्याच्या अंगात वरुणराजा संचारतो. जेवण 'अनलिमिटेड' म्हटल्यावर ताटात डोंगर रचायचा आणि निम्मा तिथेच सोडून उठायचं. पैसे वसूल व्हायला हवेत ना!

पाणी हा वसईत तसा थट्टेचा विषय नाही. 1980च्या दशकाच्या अखेरीस इथलं पाणी टँकर भरभरून बाहेर जात होतं, बागायतीच्या जागी इमारती उभ्या राहू लागल्या होत्या. तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईचं आंदोलन उभं राहिलं. समुद्र हाकेच्या अंतरावर. जमिनीतलं गोडं पाणी उपसत गेलात की खारं आत सरकतं, आणि केळीला रेन डान्स कळत नाही. म्हणून तर वाडीवाडीत बावखलं होती. पावसाचं पाणी साठवायचं, मुरवायचं, त्यावर बागायत जगवायची. बावखल म्हणजे तलावच की, फक्त त्याला क्लोरीनही लागत नाही आणि तिकीटही.

माझी एक सूचना आहे. रेन डान्सच्या पाइपाला मीटर बसवावा आणि किती लिटर पाणी गेलं ते प्रत्येकाच्या बिलावर जीएसटीच्या खाली छापावं. आपण तो आकडा चष्मा लावून नीट वाचू, कपाळाला आठ्या घालू आणि काउंटरवर विचारू, "हे पॅकेजमध्येच धरलंय ना?"